कम्प्युटर बंद पडलाय, बॅकअप जुना आहे, दुकानवाला फॉरमॅट मारतो म्हणतोय, मारू देऊ का?

नको, अजिबात मारू देऊ नका, आणि हे वाचताय तोवर कम्प्युटर चालू असेल तर आधी बंद करा.

तुम्ही लिहिलंय की खानापूरकडं रात्री पावसात लाईट गेली आली गेली आली, त्यानंतर कम्प्युटर निळा स्क्रीन दाखवून थांबतोय, बॅकअप गेल्या गणपतीतला आहे आणि त्यानंतर भरलेलं आईंच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग सगळं आतच आहे, आई आता नाहीत. दुकानवाला त्याच्या जागी बरोबर आहे, त्याला मशीन चालू करून द्यायचंय. खरं तुम्हाला ओव्या पाहिजेत, मशीन काय महिनाभर बंद राहिलं तरी चालतंय. त्याला तेवढं स्पष्ट सांगा, बहुतेक जण ऐकतात, कारण गिऱ्हाइकानं काहीच सांगितलं नाही तर फॉरमॅट हाच सगळ्यात लवकरचा इलाज असतो.

मी बेळगावात डीटीपी करतो आणि जोडीला दुरुस्तीही बघतो. पाऊस सुरू झाला की असे सीपीयू यायला लागतात, आणि पुष्कळदा विंडोजच्या फाइली बिघडलेल्या असतात नाहीतर पॉवर सप्लाय उडालेला असतो, डिस्क मात्र ठणठणीत असते. तुमचा निळा स्क्रीन येतोय म्हणजे डिस्कवरनं काहीतरी वाचलं जातंय, त्यामुळं आशा ठेवायला जागा आहे.

फॉरमॅटला एवढं का घाबरायचं ते सांगतो. साध्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट मारला तर कुठली फाइल कुठं आहे ती नोंद जाते, आतला डेटा लगेच जात नाही, उतारा हरवला म्हणून शेत जात नाही तसं. खरं त्या जागेवर नवीन विंडोज बसलं की वीस-पंचवीस जीबी नवा माल त्याच्यावर लिहिला जातो आणि जिथं लिहिला तिथलं जुनं कुणालाच काढता येत नाही. फुल फॉरमॅट तर त्याहून वाईट, व्हिस्टापासून पुढचं विंडोज त्यात सगळी डिस्क शून्यांनी भरून काढतं. आणि आत एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, असेल तर क्विक फॉरमॅटसुद्धा नको, ट्रिम नावाची सोय असते, रिकामी झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते, नंतर कुठलंही सॉफ्टवेअर लावा, हाती काही लागत नाही.

आता करायचं काय. डिस्क काढून साटा टू यूएसबी केबलनं, म्हणजे आतली डिस्क बाहेरनं पेनड्राइव्हसारखी जोडायच्या केबलनं, दुसऱ्या कम्प्युटरला लावा, नाहीतर पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) घेऊन त्याच मशीनवर इन्स्टॉल न करता चालवा, फोल्डर दिसले की आधी ओव्या कॉपी करा, लग्नाचे फोटो नंतर. कॉपी दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कवर नाही. 'फॉरमॅट करायला पाहिजे' असा मेसेज आला तर कॅन्सल, चेक डिस्क चालवू का विचारलं तर नको म्हणा, ते फाइल सिस्टिम दुरुस्त करायच्या नादात आहे तेही बिघडवतं. फोल्डरच दिसले नाहीत तर आधी डीडीरेस्क्यूनं सगळ्या डिस्कची कॉपी काढून त्या कॉपीवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवायचं, दोन्ही फुकट आहेत. फोटोरेकमध्ये फाइलींची नावं परत येत नाहीत, एफ आणि पुढं लांबलचक आकडा असलं काहीतरी येतं, मग एकेक ऐकून नाव द्यायला बसावं लागेल, खरं आवाज तर मिळेल.

डिस्कमधनं टक टक आवाज येत असेल तर मात्र यातलं काही करू नका. आतलं हेड बिघडलेलं असतं, प्रत्येक वेळी चालू केलं की चकतीवर आणि ओरखडे पडायचा धोका असतो. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका, आत दव धरतं. घरी उघडूही नका. पुण्याला, बेंगळुरूला डेटा रिकव्हरीच्या लॅब आहेत, खर्च हजारांत जातो, डेटा मिळाला नाही तर किती घेणार ते आधी लिहून घ्या.

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, त्याची ४८ आकडी की (किल्ली) मागितली तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघा. घरात पहिल्यांदा मशीन भाच्यानं चालू करून दिलेलं असेल तर की त्याच्या अकाउंटवर असू शकते, त्यालाही विचारा.

आणि रेकॉर्डिंग मोबाईलवर केलं होतं का? मग तो जुना मोबाईल आणि मेमरी कार्ड शोधा. बहिणीला, मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी ओवी पाठवली असेल तर त्यांच्या फोनमध्ये असेल, अँड्रॉइडवर तुमच्या फोनच्या व्हॉट्सअ‍ॅप ऑडिओ फोल्डरमध्ये सेंट म्हणून वेगळा फोल्डर असतो तोही बघा. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस माल राहतो.

एक गोष्ट आपल्या भागात हमखास राहून जाते. ओव्या टाइप पण केल्या असतील आणि त्या जुन्या श्रीलिपीत असतील, किंवा कन्नड मजकूर जुन्या नुडीत, तर फाइल मिळूनही उघडल्यावर नुसता कचरा दिसतो, कारण ते फॉन्ट युनिकोड नाहीत आणि नव्या मशीनवर नसतात. म्हणून विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डरही सोबत कॉपी करा.

सगळं हाती आलं की एक प्रत घरात एक्स्टर्नल डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर आणि एक बहिणीकडं ठेवा, त्यानंतर दुकानवाल्याला खुशाल फॉरमॅट मारू दे.

डिस्कवरच्या लेबलवर काय लिहिलंय आणि आवाज कसला येतोय ते कळवा, हार्ड डिस्क आहे की एसएसडी ते बघून पुढचं सांगतो.