आबा नातवाला कळायला हवेत

न्यू जर्सीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वडील पुण्यात गेले. त्या पोचेपर्यंत वैकुंठ स्मशानभूमीतले सगळे उरकले होते, धाकट्या भावाने अग्नी दिला होता. दहावा-तेरावा करून त्या परतल्या. आता त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा सारखा आबांबद्दल विचारतो आणि त्यांना उत्तर सुचत नाही. 'इतक्या लांबून मी बाबांसाठी काय करू?' असे त्यांनी लिहिले आहे.

ताई, अंत्यदर्शन झाले नाही ही खंत राहणारच. तिच्यावर माझ्याकडे उतारा नाही. पण भावाला फोन करा आणि त्या दिवसाचे सगळे विचारा. कोण कोण आले, खांदा कोणी दिला, दहाव्याला कावळा लगेच शिवला की वाट पाहायला लावली, सगळे. आणि हे विचारण्याआधी 'तू सगळं केलंस' एवढे आवर्जून म्हणा. परदेशी गेलेल्या आणि मागे राहिलेल्या भावंडांत इथेच अढी बसते. एकाला वाटते, मी एकट्याने निस्तरले. दुसऱ्याला वाटते, मला कोणी काही विचारलेच नाही. पुढे वाटण्यांच्या वेळी ती अढी वर येते आणि मग ती काढता काढता नाकीनऊ येतात.

आता मुलाचे. 'आबा फार चांगले होते' यातून मुलाच्या हाती काही लागत नाही. आबा चिडायचे कशावरून, सायकल कुठली चालवायचे, परीक्षेत कधी नापास झाले होते का, हे त्याला सांगा. दोषही सांगा. हार घातलेल्या फोटोपेक्षा असा माणूस मुलांना जवळचा वाटतो.

तुम्ही लिहिता, बाबांचे बालपण नारायण पेठेत गेले. मग पानशेतच्या पुरापासून सुरुवात करा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरले. त्या दिवशी बाबा कुठे होते? कोणाच्या गच्चीवर चढले? घरातले काय वाचले, काय वाहून गेले? नंतर पिण्याचे पाणी कुठून आणायचे? हे ज्यांना डोळ्यांनी पाहिलेले आठवते, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या आत्याला हे प्रश्न तुम्ही विचारू नका, मुलाला विचारू द्या. आपल्याला 'काय गं सांगायचं त्यात' म्हणून उडवून लावणारी माणसे नातवंडांपुढे तासन्‌तास बोलतात. बोलणे फोनवर रेकॉर्ड करा. मुलाचे मराठी अडखळले तरी मध्ये पडू नका, आत्याआजी सांभाळून घेईल. बाबांच्या फिरायला जाणाऱ्या मित्रांनाही असेच गाठा. घरात कधी न बोललेल्या गोष्टी माणूस तिथे बोललेला असतो.

बाबांचा मोबाइल नंबर घाईने बंद करू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्यावर येत असतील, कागदपत्रे पुरी होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवायला भावाला सांगा. त्यांनी तुम्हाला पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप मात्र आजच वेगळे काढून दोन ठिकाणी ठेवा. फोन बदलताना हे निरोप हमखास हरवतात, आणि फोटो कितीही असले तरी आवाज थोडाच असतो.

पितृपक्षाबद्दलही तुम्ही विचारले आहे. भाऊ पुण्यात श्राद्ध करील. तुम्हालाही न्यू जर्सीत पान वाढायचे असेल तर जरूर वाढा, लेकीने करू नये असे मला मुळीच वाटत नाही. पण पुण्याच्या कॅलेंडरवरची तारीख तशीच उचलू नका. तुमचे घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिथी कधी कधी आदल्या दिवशी येते. तुमच्या गावाचे पंचांग पाहा. श्राद्धाची वेळ दुपारची. त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही तर सर्वपित्री अमावास्या आहेच. खीर, वडे, आमसुलाची चटणी करा आणि बाबांना आवडायचा तो एक पदार्थ मुलाकडून पानात वाढून घ्या. काकबळी अंगणात ठेवा, कावळे तिकडेही आहेत.

वर्षश्राद्धाला यायचे ठरवले असेल तर तिकीट काढण्याआधी भावाकडून तिथी पक्की करून घ्या. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तिथी इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते. मध्ये अधिक मास पडला तर उलट अठरा-एकोणीस दिवस उशिरा येते. मुलाच्या शाळेची रजा त्या हिशेबाने मागा. आणि जमल्यास आठवडाभर जास्त राहा, म्हणजे आत्याबरोबर नारायण पेठेत एक सकाळ जाता येईल.