स्वाहिलीत लिंगं किती?

प्रश्न : कामानिमित्त टांझानियात दार-एस-सलामला जायचं आहे, म्हणून स्वाहिली शिकतो आहे. व्याकरणात नामांच्या वर्गांना १८ पर्यंत क्रमांक दिलेत. एवढी लिंगं पाठ करायची? शिवाय वाक्यातलं क्रियापद शब्दकोशात सापडतच नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : १८ आकड्याला घाबरू नका. हे क्रमांक सगळ्या बांटू भाषांसाठी (स्वाहिली ज्या आफ्रिकी भाषाकुळातली, त्यातल्या भाषांसाठी) सामाईक आहेत आणि एकवचन-अनेकवचनाला वेगवेगळे दिले जातात. स्वाहिलीत १२ आणि १३ तर रिकामेच आहेत. जोड्या लावल्या की रोजच्या वापराच्या सहाच उरतात.

मराठीत ‘मोठं पुस्तक पडलं’, ‘मोठी वही पडली’ असं लिंग शब्दाच्या शेवटी कळतं. स्वाहिलीत ते सुरुवातीला लागतं. ‘किताबु किकुब्वा किमेआंगुका’ म्हणजे मोठं पुस्तक पडलं. पुस्तकं पडली तर ‘विताबु विकुब्वा विमेआंगुका’. मूळ शब्द अरबी ‘किताब’. त्यातल्या ‘कि’लाच उपसर्ग मानून अनेकवचन पाडलं गेलं!

चुका होतात त्या दोन ठिकाणी. ‘किबोको’ म्हणजे पाणघोडा. अनेकवचन ‘विबोको’च, पण प्राणी असल्यामुळे विशेषण आणि क्रियापद माणसांच्या वर्गाचं : ‘किबोको म्कुब्वा अमेआंगुका’. इथे नवखे हमखास ‘किमेआंगुका’ म्हणतात. दुसरं, ‘न्युम्बा’ म्हणजे घर, आणि घरंही ‘न्युम्बा’च. ‘न्युम्बा कुब्वा इमेआंगुका’ म्हणजे एक घर, ‘झिमेआंगुका’ म्हणजे अनेक. फरक फक्त क्रियापदात. म्हणून वहीत नुसतं नाम लिहू नका. ‘न्युम्बा–न्युम्बा, इ–झि’ असं चौघांना एकत्र लिहा.

आता शब्दकोश. ‘निलिकिसोमा’ (मी ते वाचलं) डावीकडून सोला : ‘नि’ मी, ‘लि’ भूतकाळ, ‘कि’ ते पुस्तक, उरलं ‘सोमा’. तेच शोधायचं. नामं एकवचनात शोधा : ‘माचो’ (डोळे) हवं तर ‘जिचो’, ‘कुता’ (भिंती) हवं तर ‘उकुता’. ‘निलिकुजा’ (मी आलो) मध्ये मात्र ‘कु’ला कर्म समजू नका. धातू नुसता ‘जा’ आहे. एका अक्षराच्या धातूला काही काळांत ‘कु’चा टेकू लागतो. वर्तमानकाळी नकारात शेवटचा ‘आ’ ‘इ’ होतो : ‘सिसोमि’, मी वाचत नाही. त्यामुळे शोधताना तो परत ‘आ’ करून घ्या. अरबीतून आलेल्या ‘फिकिरि’सारख्या क्रियापदांचा शेवट बदलत नाही, ती आहेत तशीच शोधा.