ताई, मी स्वभाव बदलू का?

प्रिय ताई,
माझं वय ३४. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ९ वर्षं क्वालिटीत आहे. शंका आली की मी मालाचा लॉट थांबवतो, म्हणून प्रॉडक्शनवाले मला किरकिऱ्या म्हणतात. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, रात्री भोसरीला घरी पोचल्यावर सगळी उत्तरं सुचतात. मध्यंतरी सगळ्यांची स्वभावाची चाचणी झाली, हातात चार इंग्रजी अक्षरं आली. साहेब म्हणाले, "तू लीडर टाइप नाहीस." माझ्यानंतर लागलेला, बोलघेवडा मुलगा सुपरवायझर झाला. बायको म्हणते, स्वभावाला औषध नसतं. मी काय करू?

दादा,
तुम्हाला किती लागलंय ते कळतंय. ९ वर्षं जीव लावून काम केल्यावर चार अक्षरांत निकाल लागला तर कुणालाही लागेल.

ती चाचणी बहुधा मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची असावी. कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१च्या मांडणीवरून ती बेतली. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचं एखादं अक्षर बदलतं, कारण बहुतेक माणसं ना पक्की अबोल असतात ना पक्की बडबडी, मधेच कुठेतरी असतात. भरतीसाठी ती वापरू नका, असं ती विकणारेच सांगतात. मग बढतीसाठी तरी का वापरावी?

ज्या गुणाची तिथे टिंगल होते, त्याला मानसशास्त्रात कर्तव्यदक्षता म्हणतात. बॅरिक आणि माउंट या अभ्यासकांनी १९९१मध्ये ११७ अभ्यास एकत्र तपासले. वेगवेगळ्या प्रकारच्या सगळ्याच कामांत चांगल्या कामाशी नातं दिसलं ते याच गुणाचं. नातं फार मोठं नाही, पण सगळीकडे आहे. बोलक्या स्वभावाचा उपयोग विक्रीत आणि माणसं सांभाळण्याच्या कामात दिसला. तेव्हा साहेबांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण तुमच्याच पत्रात बघा. मीटिंगमध्ये गप्प बसणारा माणूस चालू लाइनवर "हा लॉट जाणार नाही" असं ठणकावून सांगतो. माणूस तोच, स्वभावही तोच. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६मध्ये हेच मांडलं होतं: वागणं माणूस आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती या दोन्हींतून घडतं. हातात मापाचं गेज असलं की तुमची जीभ मोकळी होते. मग मीटिंगलाही हातात काहीतरी घेऊनच जा. विषय आदल्या संध्याकाळी मागून घ्या. रात्री सुचतं ते लिहून ठेवा: कुठला लॉट, किती पीस, माप किती सरकलं, काय करायला हवं. चार ओळी पुरतात. मीटिंगला बसलात की वाचून दाखवा, न बघता बोललंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आता थोडं टोचेल असं. लॉट थांबवता तेव्हा ऑपरेटरला कारण सांगता का, की लाल टॅग लावून निघून जाता? त्याच्या टार्गेटचं काय होणार, ही धाकधूक त्याला असतेच. त्याला व्हर्निअर हातात द्या. "तीन पिसांत भोकाचा बोअर लहान होत चाललाय, टूल झिजलंय का बघू या?" एवढं म्हणालात तरी तो तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो. यासाठी बोलघेवडं व्हावं लागत नाही.

त्या मुलावर राग धरू नका. बोलणं त्याला जमतं, माप तुम्हाला दिसतं, आणि उद्या माल परत आला तर त्याला तुमचीच गरज पडणार आहे.

एक मात्र घरी बायकोशी बसून ठरवा. तुम्हाला सुपरवायझरकीच हवी आहे की पगार आणि मान? पगार-मान हवा असेल तर क्वालिटीतच वरची जागा मागा. सुपरवायझरकीच हवी असेल तर साहेबांना म्हणा, "तीन महिने एक शिफ्ट माझ्याकडे देऊन बघा." आणि हेही आदल्या रात्री लिहून न्या.

तुमची,
ताई