‘भक्त विदुर’चे कागद: कराची आधी मुंबईत शोधा

‘भक्त विदुर’ (१९२१) हा मूकपट कुठे बघायला मिळेल, आणि नाहीच मिळाला तर त्याच्यावरच्या बंदीचे कागद तरी कुठे सापडतील, असं तुम्ही विचारलंय. वाचून हसूच आलं. नऊ वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी दारोदार फिरलोय.

प्रिंटची आशा सोडा. त्या काळच्या नायट्रेट फिल्म्स काही जळाल्या, काही कुजल्या, काही चांदीसाठी गाळल्या गेल्या. यूट्यूबवर या नावाखाली दिसणाऱ्या चित्रपटात माणसं बोलत असतील, तर पुढे बघूच नका.

निर्माते द्वारकादास संपतांनी विदुराला खादी आणि गांधी टोपी चढवली, हे तुम्हाला माहीत असणारच. आपल्याकडे खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातल्या कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला होता, तीच ही युक्ती. सरकारलाही ती कळली. मद्रासेत आणि कराचीत बंदी आली.

माझी माती झाली ती इथे. वहीत दोन गावं लिहिली होती. कराची म्हणजे पाकिस्तान, व्हिसा कोण देतोय, म्हणून त्यावर काट मारली आणि मद्रासचं तिकीट काढलं. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यात होता, हे मी शाळेत पाठ करून परीक्षेत लिहिलेलं! म्हणजे कराचीहून वर आलेला पत्रव्यवहार शोधायचा तर सुरुवात मुंबईतून, माझ्या घरापासून लोकलने पाऊण तासावर. आणि मी चाललो हजार किलोमीटर लांब.

तिथल्या एका कचेरीने (नाव घेत नाही) पहिल्याच दिवशी माझं शिफारसपत्र परत केलं. सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक नव्हता. साहेबांनी त्या रिकाम्या जागेवर पेन्सिलीने गोल केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. नवीन पत्र यायला तीन दिवस गेले. मग म्हणाले, फाइल नंबर सांगा. नंबर सूचीत मिळणार, आणि सूचीचं कपाट ज्यांच्या ताब्यात ते गृहस्थ रजेवर. सहाव्या दिवशी मी परतीच्या गाडीत. बँकेतली रजा संपली होती, पुढच्या वर्षीची शिल्लक नव्हती. आजही कुणी ‘नंबर सांगा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. असो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, हौशी माणूस आहे, तेव्हा मीठ चवीपुरतं घ्या. पण ‘बंदीचा हुकूम’ असा एकच कागद शोधू नका. १९१८च्या सिनेमाविषयक कायद्यात एका सेन्सॉर मंडळाचा दाखला देशभर चालायचा, पण त्या-त्या ठिकाणचा मॅजिस्ट्रेट किंवा पोलीस कमिशनर आपल्या हद्दीत तो स्थगित करू शकत होता. त्यामुळे जिथे बंदी, तिथला वेगळा कागद. तो टिकला असेलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

चित्रपटाचं दुसरं नाव ‘धर्मविजय’, तेही सूचीत बघा. इंग्रजी सूचीत विदुरच्या शेवटी कधी ‘ए’ असतो, कधी नसतो, दोन्ही तपासा. आणि कागदच मिळाले नाहीत तर वर्तमानपत्रांतल्या जाहिराती बघा. मुंबईसाठी ‘बॉम्बे क्रॉनिकल’, मद्राससाठी ‘हिंदू’. खेळाची जाहिरात कुठल्या दिवसापासून गायब होते ते टिपून ठेवा, फाइल मागताना निदान तारीख तरी सांगता येईल. मायक्रोफिल्मवर तासाभरात डोळे चुरचुरतात, म्हणून सकाळीच जा, जेवणानंतर नको.

निघण्याआधी पत्रावर जावक क्रमांक आहे ना, तेवढं बघा.