संगणक-शंका : दिवाणजींची खतावणी आणि डेअरीची एरर

प्रश्न : नमस्कार सर. मी सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. आधी सगळं चोपडीवर होतं, आता चार वर्षं एक्सेलवर आहे. एका ओळीत तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, बँक, खाते नंबर, लॉट, पोती, वजन, दर, खरेदीदार, हमाली, तोलाई असं सगळं येतं. मालकांचा पोरगा म्हणतो डेटाबेस करा, टेबलं वेगळी करा, की लावा. आता एका शीटमध्ये सगळं नजरेसमोर दिसतंय ते फोडायचं कशाला? आणि ही की म्हणजे नेमकी काय भानगड? मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाचे पैसे) त्याच्या जुन्या खात्यावर गेली, त्यावरून मी बोलणी खाल्ली ते वेगळंच.

उत्तर : दिवाणजी, बोलणी तुम्ही खाल्ली पण गुन्हेगार शीट आहे. तो शेतकरी सीझनमध्ये आठ वेळा माल घेऊन आला असेल तर त्याचा खाते नंबर आठ ओळींत बसलाय, त्यानं खातं बदललं म्हणून सांगितलं, तुम्ही शेवटच्या ओळीत दुरुस्त केलं, वरच्या सात तशाच राहिल्या आणि पुढच्या वेळी घाईत कुणीतरी वरचीच ओळ कॉपी केली. एकच गोष्ट आठ ठिकाणी लिहिली की कधीतरी ती आठ वेगवेगळ्या गोष्टी होणारच. गावाच्या नावाचंही बघा, तुमच्या शीटमध्ये कवठेमहांकाळ, कवठे महांकाळ आणि क. महांकाळ अशी तीन गावं निघतील, पैज लावतो. फिल्टर लावला की तिघांचा माल वेगवेगळा दिसतो.

आता गंमत अशी की तुम्ही चोपडीवर होता तेव्हा हे बरोबर करत होता. कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) वेगळी, खतावणी (ज्याच्या त्याच्या खात्याची वही) वेगळी, आणि कीर्दीत प्रत्येक नोंदीशेजारी तो बारीक रकाना असायचा बघा, खा. पा. म्हणजे खाते पान. शेतकऱ्याचा सगळा पत्ता कीर्दीत कुणी लिहायचं नाही, नुसतं पान नंबर ११७ टाकलं की झालं. डेटाबेस म्हणजे तेच ओ! खतावणीचं पान ११७ एकाच शेतकऱ्याचं, तो नंबर दुसऱ्या कुणाला नाही, ही झाली प्रायमरी की. आणि कीर्दीतल्या खा. पा. रकान्यातला ११७, जो खतावणीकडे बोट दाखवतो, ती फॉरेन की. मध्येच एक्सेल आलं आणि आपण खतावणी फाडून कीर्दीला चिकटवली.

म्हणजे तुमची किमान तीन टेबलं होतील. शेतकरी (नंबर, नाव, गाव, मोबाईल, सध्याचं खातं), खरेदीदार, आणि सौदे. सौद्याच्या ओळीत फक्त सौदा नंबर ५०२१, तारीख, शेतकरी ११७, खरेदीदार १४, लॉट, पोती, वजन, दर. गावांचंही छोटं टेबल केलंत तर ते तीन महांकाळ एक होतील. आणि सगळं एका नजरेत बघायचं म्हणाल तर ते कुठं जात नाही, एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लावली की टेबलं जोडून तुमच्या जुन्या शीटसारखीच यादी समोर येते, फक्त ती साठवलेली नसते, विचारल्यावर तयार होते.

एक मात्र ध्यानात ठेवा, इथं हुशार पोरंसुद्धा चुकतात. हमालीचा दर आणि पट्टीचे पैसे ज्या खात्यावर पाठवले ते खातं, पट्ट्यांचं वेगळं टेबल करून हे दोन्ही त्या त्या पट्टीच्या ओळीतच लिहून ठेवायचं. हे दोनदा लिहिणं वाटेल पण नाही, कारण शेतकऱ्याचं सध्याचं खातं ही एक माहिती आणि १२ मार्चला पैसे कुठल्या खात्यावर गेले ही वेगळी माहिती, पुढं खातं बदललं म्हणून १२ मार्च थोडाच बदलतोय.

की कशाची करायची? नाव चालणार नाही, एकाच भावकीत एकाच नावाचे दोघं असतात. मोबाईल बदलतो, शिवाय बाप-लेकाचा एकच असतो. आधार नंबर १२ अंकी आणि बदलत नाही हे खरं, पण तो असा टेबलाटेबलांत पसरवायची गोष्ट नाही, आणि न दिलेल्या शेतकऱ्याचं काय करणार? बँक खातं तर विसराच. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, आपली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये, ज्या नावांवर आपल्या आज्ज्यांनी डोळे झाकून ठेवी ठेवल्या ती पाटीच उतरली. त्यामुळे ज्याला काही अर्थच नाही असा साधा नंबर घ्या, १, २, ३, अर्थ नाही म्हणून तो बदलायची पाळीच येत नाही. बाहेरची ओळख बदलली की फक्त एक रकाना बदलायचा.

आणि हो, नंबर आपोआप पडायला लावलात की ११८ नंतर एकदम १२० येईल, घाबरू नका, मधली नोंद अर्धवट सोडली गेली की तो नंबर वाया जातो. कीसाठी ते चालतं. जीएसटी बिलाला चालत नाही, तिथं क्रमानं नंबर लागतात, म्हणून बिल नंबर वेगळा रकाना ठेवा.

प्रश्न : सर, मी माण तालुक्यातली, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या दूध डेअरीसाठी प्रोजेक्ट केलाय. संकलनाच्या टेबलाला सभासद नंबर, तारीख आणि वेळ (सकाळ/संध्याकाळ) अशी तीन रकान्यांची मिळून की दिली. चार दिवस छान चाललं, पाचव्या दिवशी डुप्लिकेटची एरर आली आणि काट्यावर रांग लागली. काय चुकलं?

उत्तर : अगं, त्या सभासदाकडं म्हैसही आहे आणि गायही! एकाच सकाळी दोन किटल्या, फॅट वेगळं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) वेगळं, दर वेगळा. चार दिवस एकच किटली येत होती, पाचव्या दिवशी गाय व्याली असेल. कीमध्ये दुधाचा प्रकार हा चौथा रकाना घाल. अशा मिळून होणाऱ्या कीला कंपोझिट की म्हणतात आणि ती पुस्तकात बघून ठरत नाही, काट्यावर पंधरा दिवस उभं राहून ठरते. आपल्या सात-बाराचं तसंच आहे बघ, गट नंबर ११२ प्रत्येक गावात सापडेल, गावाचं नाव जोडलं तरच तो एक होतो.

तुझे सर कदाचित म्हणतील, चार रकान्यांऐवजी एक साधा नोंद नंबर घे. घे, माझी हरकत नाही, पण मग त्या चार रकान्यांवर युनिकची (तीच नोंद पुन्हा न घेण्याची) अट वेगळी लाव. ती विसरली तर एंटर दोनदा दाबल्यावर दूध दोनदा चढेल, नोंद नंबर वेगळे पडल्यामुळं कॉम्प्युटर काही बोलणार नाही आणि दहा दिवसांनी बिलाला सगळी डेअरी तुझ्या घरी येईल. (ओळ ओळखायला जे जे चालू शकतं त्या सगळ्यांना कँडिडेट की म्हणतात, त्यातली आपण निवडतो ती प्रायमरी. परीक्षेत हे विचारतात म्हणून सांगितलं.)

अजून एक. सभासद गेला म्हणून त्याचा नंबर नव्याला द्यायचा नाही. मी स्वतः सुरुवातीला एका पतसंस्थेचं काम केलं तेव्हा तिथं रिकामे झालेले नंबर परत वाटायची पद्धत होती, मी पण हो म्हटलं, आणि वर्षअखेरीला एका नव्या पोराच्या उताऱ्यावर एका वारलेल्या आजोबांचं कर्ज निघालं. त्याची आई रडत आली होती. नंबर गेला तर जाऊ दे, नंबर काय विकत आणायचेत? सभासदाच्या टेबलात ‘बंद’ असा एक रकाना ठेव आणि ओळ तशीच राहू दे.

प्रश्न : कराडहून विचारतो. एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये फॉरेन की लावलीय तरी नसलेल्या ग्राहकाच्या नंबरवर बिल घेतंय. आणि रिलेशनल डेटाबेस म्हणतात त्यातलं रिलेशनल म्हणजे टेबलांतली रिलेशन, नाती ना?

उत्तर : तुमचं बरोबर आहे, एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक वेळी डेटाबेस उघडला की प्राग्मा फॉरेन कीज ऑन असा हुकूम द्यावा लागतो, एकदा देऊन भागत नाही. पण चालू करण्याआधी असली बेवारस बिलं शोधून काढा, कारण आधी शिरलेल्यांना तो हुकूम बाहेर काढत नाही. चालू झाल्यावर बिलं असलेला ग्राहक उडवायला गेलात तर नकार येईल, तो नकार चांगला आहे, वैतागून ऑन डिलीट कॅस्केड लावू नका, नाहीतर ग्राहकाबरोबर त्याची सगळी बिलंही जातील आणि उधारी मागायला कागद उरणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाला, नाही. सगळे तसंच समजतात, मीही समजायचो. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये हे मॉडेल मांडलं, ते गणितातले, आणि गणितात रिलेशन म्हणजे टेबलच, ओळींचा संच. संचाला क्रम नसतो, म्हणून ‘वरून तिसरी ओळ’ असं तिथं काही नसतं. तुमच्या बिलांना क्रम हवा असेल तर क्वेरीत ऑर्डर बाय लिहा, नाहीतर आज बरोबर आलेली यादी उद्या उलटी दिसली म्हणून पुन्हा पत्र पाठवाल.