इंग्लंडचा इतिहास कानांनी शिकताना

अनेक आशीर्वाद.

हौशी अभ्यासकाचा पॉडकास्ट लावून इंग्लंडचा इतिहास शिकायला घेतलास, हे फार चांगलं केलंस. अशी माणसं आवडीपोटी बोलतात, एकेका राजाला पाच-सहा भाग देतात. तेवढी सवड पाठ्यपुस्तकाला नसते. पण ओळीने भाग ऐकूनही काही लक्षात राहत नाही म्हणतोस, त्याचं कारण तुझ्या ऐकण्याच्या पद्धतीत आहे.

अर्ध्या तासाच्या भागाला सव्वा तास दे. पहिल्यांदा चालताना, न थांबवता ऐक. दुसऱ्यांदा वही आणि नकाशा घेऊन बस आणि थांबवत थांबवत ऐक. वेग दीडपट करू नकोस. वेसेक्स या जुन्या इंग्लिश राज्याच्या एथेलवुल्फ राजाचे चार मुलगे एकामागून एक गादीवर आले: एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि आल्फ्रेड. वेग वाढवलास की पहिले तिघे एकमेकांत मिसळतात. म्हणून वहीच्या डाव्या पानावर वंशावळ आणि उजव्या पानावर घटना लिही. नावापुढे नातंही हवंच. 1135 नंतरच्या यादवीत राजा स्टीफनची बायको माटिल्डा, त्याची प्रतिस्पर्धी माटिल्डा आणि त्या प्रतिस्पर्धी माटिल्डाची आईसुद्धा माटिल्डाच! पदव्यांचंही तसंच. 'ग्लॉस्टर' ही पदवी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांकडे होती, तेव्हा पदवीशेजारी साल टाकायचं.

गावांची नावं कानाला एक आणि नकाशावर दुसरी, ही आपल्याकडच्या श्रोत्याची मोठी अडचण आहे. ऐकू येतं 'वुस्टर', पण स्पेलिंग वाचलं तर 'वॉर्सेस्टर' वाटतं. लेस्टर आणि वॉरिक यांचीही तीच गत. अशी गावं वहीच्या शेवटच्या पानावर उच्चार आणि स्पेलिंग शेजारी-शेजारी लिहून ठेव.

नकाशा किती उलगडून सांगतो, ते 1066 वर करून बघ. 25 सप्टेंबरला इंग्लंडचा राजा हॅरल्ड याने यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाला हरवलं. 28 तारखेला नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरला. 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ दोघांची लढाई झाली. यॉर्क, लंडन, हेस्टिंग्ज अशी रेघ ओढ. ती साधारण चारशे किलोमीटर भरते, आणि दोन लढायांमध्ये दिवस जेमतेम एकोणीस. हॅरल्डने लंडनला आणखी थांबून जास्त सैन्य गोळा करायला हवं होतं का, हा वाद इतिहासकार का घालतात, ते तेव्हा आपोआप समजेल.

तारखांना फार जप. 1752 पर्यंत इंग्लंडात कायद्याने वर्ष 25 मार्चला सुरू होई. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण 30 जानेवारी 1649 चा म्हणतो. त्या काळच्या कागदांत मात्र साल 1648 असतं. शिवाय युरोपातल्या बऱ्याच देशांनी घेतलेली नवी (ग्रेगोरियन) कालगणना इंग्लंडने 1752 पर्यंत स्वीकारली नव्हती. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख त्याच जुन्या गणनेतली आहे. नव्या गणनेने ती 16 जून येते.

पैशाचं गणित सोपं आहे, फक्त पाठ हवं. 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड. 'मार्क' हे नाणं नव्हतं, हिशेबाचं माप होतं: 160 पेन्स, म्हणजे दोन तृतीयांश पौंड. कैदेत पडलेल्या राजा पहिल्या रिचर्डच्या सुटकेची खंडणी दीड लाख मार्क ठरली होती, म्हणजे एक लाख पौंड.

सांगणारा कितीही मनापासून सांगत असला, तरी रंगलेल्या प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न विचार: हे पहिल्यांदा कुणी लिहिलं, आणि घटनेनंतर किती वर्षांनी? आल्फ्रेडने भाकऱ्या करपवल्याची गोष्ट त्याच्या हयातीत, 893 मध्ये, ॲसर या धर्मगुरूने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात मुळात नव्हती. ती आल्फ्रेडच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी एका संताच्या चरित्रात येते. समुद्राच्या लाटांना थांबायला सांगणाऱ्या कनूट राजाची कथाही त्याच्यामागे सुमारे शतकभराने लिहिली गेली. अशा गोष्टी गाळू नकोस, पण त्यांच्यापुढे वहीत 'उशिराची' अशी खूण कर. 1086 ची डूम्सडे ही गावोगावच्या जमिनींची नोंदवही इंटरनेटवर फुकट पाहता येते. भागात एखाद्या गावाचं नाव आलं की तिथे त्याची नोंद शोध.

सरंजामी जमीनधारणेचे, म्हणजे राजाकडून अटींवर जमीन धरण्याच्या पद्धतीचे, भाग रुक्ष वाटतात आणि बहुतेक जण तेच सोडून देतात. तू सोडू नकोस. पोर्तुगालशी झालेल्या 1661 च्या विवाहकरारात मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, आणि मार्च 1668 च्या सनदेने त्याने ती वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्या सनदेत मुंबई इंग्लंडातल्या ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीचा भाग असल्यासारखी धरली आहे. लष्करी सेवेचं बंधन नसलेली, ठरावीक खंडावरची ती धारणा काय होती, हे त्या मध्ययुगीन भागांतच कळतं. दुसऱ्या चार्ल्सपर्यंत पोचलास की मूळ सनद काढून ते कलम स्वतः वाच.