साताऱ्याहून टोकियो, एकटीनं: झोपेचं नंतर, आधी पीएनआर मोजा

प्रश्न असा आहे: "साताऱ्यात राहते. पहिल्यांदाच परदेशी चालले आहे, तेही एकटी, टोकियोला. मुंबईहून निघून मध्ये एकदा विमान बदलायचं आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात झोप कशी लागते? वेळ कसा घालवायचा?"

झोपेचं नंतर बघू. आधी तिकीट उघडा आणि पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, दोन्ही विमानांना मिळून एक आहे की दोन ते बघा. एक असेल तर निम्मी काळजी मिटली. दोन असतील तर पुढचं सगळं वाचा, आणि "स्वस्तात पडलं" म्हणून ज्यांनी काढून दिलं त्यांनाही वाचायला द्या.

सांगलीत विश्रामबागला तिकिटं काढून देणं हा माझा धंदा आहे. म्हणून मी असं बोललो की आमचे दाजी म्हणतात, "तू बोलणारच, तुझं कमिशन बुडतं." तर भाच्याचं टोकियोचं तिकीट दाजींनी मला न विचारता मोबाइलवर काढलं. मुंबई ते बँकॉक एका कंपनीचं, बँकॉक ते नारिता (टोकियोचा विमानतळ) दुसऱ्या कंपनीचं. एकत्र तिकिटापेक्षा ९,४०० रुपये वाचले. मध्ये ५ तास १० मिनिटं. दाजींचा हिशोब: एवढ्या वेळात माणूस सांगलीहून पुण्याला जाऊन चहा पिऊन बसतो.

पहिलं विमान उतरतं सुवर्णभूमीला आणि दुसरं सुटतं डॉन मुआंगहून. तिकिटावर दोन्हीकडं "बँकॉक" मोठ्या अक्षरात, आणि बीकेके, डीएमके हे कोड मुंगीच्या अक्षरात. दोन्ही विमानतळांत रस्त्यानं साधारण ४५ किलोमीटरचं अंतर आहे. मुंबईचं विमान १ तास ४० मिनिटं उशिरा सुटलं, म्हणजे हातात राहिली २१० मिनिटं. विमानातून बाहेर पडून इमिग्रेशनची रांग संपेपर्यंत ५५ गेली. पट्ट्यावर बॅग यायला २५. पुढचं तिकीट दाखवलं की दोन विमानतळांमध्ये फुकट बस मिळते, पण ती यायची वाट आणि बँकॉकचं ट्रॅफिक धरून ८०. डॉन मुआंगच्या काउंटरवर पोचला तेव्हा विमान सुटायला ५० मिनिटं होती आणि काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतो. विमान समोर उभं, पण उपयोग शून्य.

दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही "आलाच नाहीत". पहिलं विमान उशिरा आलं याच्याशी तिचा काही संबंध नाही, कारण तिच्याकडं तुमचं फक्त बँकॉक ते नारिता एवढंच तिकीट आहे. पैसे परत नाहीत. पुष्कळ कंपन्यांत त्याच तिकिटावरची परतीची सीटही आपोआप रद्द होते. हे लोकांना परत येताना विमानतळावर कळतं. भाच्याला काउंटरवर नवं तिकीट सव्वीस हजारांना पडलं. दाजी अजून म्हणतात, "विमान उशिरा आलं त्याला मी काय करू?" अहो, उशीर होणार हे धरूनच मधला वेळ ठेवायचा असतो. एसटीची जोडगाडी धरताना आपण अर्धा तास धरतोच की.

एकाच पीएनआरवर हाच उशीर झाला असता तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी झाली असती. बॅग मुंबईत दिली की थेट नारितालाच हातात येते. मधल्या देशाच्या इमिग्रेशनला तोंड दाखवावं लागत नाही. दोन तिकिटांवर मात्र सामान घ्यायला त्या देशात रीतसर उतरावं लागतं. म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो का, हा प्रश्न आला. थायलंडला १ मे २०२५ पासून ऑनलाइन आगमन-कार्ड आधी भरावं लागतं. सिंगापूरला भारतीय पासपोर्टवर उतरायला व्हिसा लागतो. काही देशांचा व्हिसा असलेल्यांना सवलत आहे, पण तिच्या अटी वाचून घ्या. व्हिसा नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच थांबवतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

आता मुंबईचंही बँकॉकसारखं झालंय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू आहे. बीओएम म्हणजे अंधेरीचा, एनएमआय म्हणजे पनवेलकडचा. कोणी कोल्हापूरहून वगैरे जोडविमान सुचवलं तर ते कुठं उतरतं ते आधी बघा.

मुंबईत काउंटरवर तीन गोष्टी केल्याशिवाय हलू नका. एक, बॅगेला लावलेल्या टॅगवर शेवटचा कोड कुठला ते स्वतः वाचा: नारिता म्हणजे एनआरटी, टोकियोचाच दुसरा विमानतळ हानेदा म्हणजे एचएनडी. तिथं मधल्या शहराचा कोड दिसला तर तिथल्या तिथं विचारा. बॅग पट्ट्यावरून आत गेल्यावर कोणी ऐकत नाही. दोन, दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मागून घ्या. तीन, टॅगचा चिकटवलेला तुकडा पासपोर्टच्या कव्हरवर लावा, पासवर चिकटवला तर पास हरवताना तोही जातो. बॅग नाहीच आली तर हॉलमधून बाहेर पडायच्या आत कंपनीच्या खिडकीवर तक्रार लिहून घ्यायची. बाहेर पडून मग सांगितलं की भांडण वाढतं.

एकटं असण्याचा खरा फरक इथं पडतो. संडासला जाताना बॅग धरायला कोणी नाही, रांगेत जागा राखायला कोणी नाही, मोबाइल बंद पडला तर दुसरा मोबाइल नाही. म्हणून पासपोर्ट, थोडे येन, एक कार्ड आणि टोकियोतल्या मुक्कामाचा कागदावर लिहिलेला पत्ता गळ्यातल्या पाऊचमध्ये. दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून चालू करावा लागतो, आपोआप चालू नसतो. सिमचं रोमिंग चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही.

पर्यटनाचा ई-व्हिसा असेल तर एक खास अडचण आहे. जपानचा ई-व्हिसा विमानतळावर मोबाइलवर इंटरनेट चालू ठेवूनच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील कागद यातलं काही चालत नाही. नारिताला उतरल्यावर फुकट वायफाय मिळेल या भरवशावर राहू नका, ई-सिम किंवा रोमिंग मुंबईतच तपासा.

आता बॅग. ती आई भरणार, म्हणून हे आईला वाचून दाखवा. सुकं खोबरं अजिबात नको, हातातल्या बॅगेत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही; त्यात तेल असतं, पेट घेतं, म्हणून २०२२ पासून ते बंदीच्या यादीत आहे. वाटीच्या वाटी खोबरं मुंबईला काढून टाकलेलं बघून आया रडकुंडीला येतात. कांदा-लसूण मसाल्यात दळलेलं चालतं, कारण तो मसाला झाला. पण मसाल्यात खसखस असेल आणि सिंगापूरला बाहेर पडायचं असेल तर तो घरीच ठेवा. तिथं खसखस अमली पदार्थांत मोडते. दुबईकडून जाणाऱ्यांनाही हेच. लोणचं म्हणजे द्रव. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर जाणार नाही, म्हणून मोठ्या बॅगेत, झाकणाखाली प्लॅस्टिक घालून, वरून दोन पिशव्या. शेंगदाण्याची चटणी, भडंग, धपाटे यांना कोणी विचारत नाही. कंदी पेढे खाण्यापुरते न्या. ते भाजलेले असल्यानं साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतात आणि जपानला स्वतःपुरते दुधाचे पदार्थ चालतात. मांसाचं काहीही नको, डबाबंदसुद्धा नको.

औषधं चिठ्ठीसकट. महिनाभराच्या आतली असतील तर जपानला सहसा अडचण नाही. त्याहून जास्त असतील तर आधी त्यांच्याकडून युन्यु काकुनिन-शो नावाचा दाखला घ्यावा लागतो. सर्दीच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन दिसलं तर नेऊ नका. दहा टक्क्यांच्या वर प्रमाण असेल तर जपानला ते उत्तेजक द्रव्यांत धरतात.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॅट-अवर. हिशोब सोपा आहे: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १,०००, म्हणजे ७४. चालते. पण आकडा छापलेला नसेल किंवा घासून गेला असेल तर काढून घेतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एक विमान जळालं, तेव्हापासून आशियातल्या कंपन्या याबाबत कडक झाल्यात. सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात १ एप्रिल २०२५ पासून पॉवर बँकनं फोन चार्ज करताही येत नाही. म्हणून घरातून फोन पूर्ण भरून निघा आणि सीटचा चार्जिंग पॉइंट वापरायला केबल वर ठेवा.

बरं, झोप. समजा मुंबईहून रात्री ११.३० ला निघालात. सिंगापूर साडेपाच तास, म्हणजे आपले पहाटेचे ५, तिथले सकाळचे ७.३०. जेवण आणि उतरायची गडबड वजा करता झोप जेमतेम तीन तास. म्हणून मुंबईलाच जेवून घ्या आणि विमानातलं पहिलं जेवण सोडा. सीटचा पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे तपासायला उठवत नाहीत. दुसऱ्या विमानात दिवसाउजेडी सात तास आहेत, तिथं तासाभराच्या वर झोपू नका. टोकियोला संध्याकाळी ५.३० च्या सुमारास उतराल आणि तिथं रात्री १० वाजले तरी आपल्याकडं साडेसहाच असतात, शरीर झोपायला तयार नसतं. साडेतीन तासांचा फरक फार नाही, पण दिवसभर झोप काढली तर पहिल्या रात्री टक्क जाग्या.

विमानातली हवा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ असते. तुमचं महाबळेश्वर १,४०० च्याही आत आहे, म्हणजे त्याहून वर. पोटातला वायू फुगतो. निघायच्या दिवशी हरभरा, कोबी, सोडा बंद. हवा फार कोरडी असते, पाणी प्यावंच लागतं, आणि मग उठावं लागतं. म्हणून कडेची सीट घ्या. खिडकीतून रात्री काय दिसणार आहे? तासाला एकदा टाचा टेकवून पंजे वर-खाली वीस वेळा करा, पोटऱ्यांत रक्त साचत नाही. वेळ कसा घालवायचा ते तुमचं तुम्ही बघा, समोर पडदा असतो.

दोन पीएनआर काढून झालेच असतील आणि पैसे परत मिळत नसतील तर? मध्ये एक रात्र ठेवा, दोन्ही विमानं एकाच विमानतळाची आहेत याची खात्री करा आणि सामान सात किलोच्या हातबॅगेत बसवा. तसं केलं तर दाजींची पद्धत चालते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. व्हिसाचे आणि पॉवर बँकेचे नियम मध्येच बदलतात, निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवर एकदा बघून घ्या.

साताऱ्याहून निघायची वेळ: रात्री ११.३० च्या विमानाला आठपर्यंत मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल दोन) वर असायला हवं. गाडीनं जात असाल तर दुपारी बाराला घर सोडा. अंतर पाच-सहा तासांचं आहे, पण खंबाटकीत एक ट्रक बंद पडला, नवले पुलाला अडकलात आणि वर रविवार असला की लोणावळा-खोपोली घाटात मुंबईकडं परतणारी गर्दी, की दोन तास गेलेच. विमान रात्री १२.४० चं असेल तर तारीख नीट वाचा: तिकिटावर १५ तारीख म्हणजे घरातून १४ ला निघायचं. दरवर्षी माझ्याकडं एक तरी माणूस एक दिवस उशिरा बॅग घेऊन उभा असतो.

आणि विमान दुपारचं असेल तर दाजींचं एक म्हणणं मला मान्य आहे. गाडी नकोच. रात्री साताऱ्याला महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि तिथून मेट्रो ३ नं थेट टी-२ चं स्टेशन, साधारण पाऊण तास. दादरला उतरू नका. मेट्रोचं दादर स्टेशन रेल्वेपासून लांब पडतं, सामान ओढत रस्ता ओलांडावा लागतो.